ताटांची आंघोळ

आमच्या स्वयंपाकघरात दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्यानं दारात थांबायचं, एवढंच ते. एका बाजूला ओटा, त्याच्या टोकाला भांडी घासायचं सिंक, भिंतीला कपाटं आणि छताला, अगदी दाराशी, एक ट्यूब. ट्यूब माझ्या पाठीमागे आणि ओटा पुढ्यात. त्यामुळे मी कामाला उभी राहिले की माझ्याआधी माझी सावली कामाला लागायची.

ती ट्यूब ह्यांनी आणली होती. त्याआधी तिथे वायरला लोंबणारा पिवळा बल्ब होता. आणि माझ्या आईच्या घरी तर कंदीलच. त्याची काच कोणी पुसायची यावरून आम्हा बहिणींची रोज भांडणं व्हायची. ट्यूब आणली त्या दिवशी हे टेबलावर उभे राहिले, मी टेबल धरून ठेवलं. दोन-तीनदा डोळे मिचकावून ट्यूब लागली तेव्हा हे वरूनच म्हणाले, "घ्या, आता तुमचं राज्य तुम्हाला दिसेल तरी." मला तेव्हा खरंच सगळं दिसलं होतं. डब्यांच्या झाकणांवर माझं तोंडसुद्धा दिसायचं. पाहुणे म्हणायचे, हिच्या ओट्यावर ताट न घेता जेवावं. मी वरवर "काहीतरीच तुमचं" म्हणायची आणि आतून फुगायची.

हे गेले, मुलाचं लग्न झालं, ट्यूब मात्र तीच राहिली. म्हणजे आतली नळी बदलायची, पट्टी तीच. मुलगा अधूनमधून म्हणायचा, "आई, इथे फार अंधार आहे गं."

"तुला आहे. मला नाही," मी म्हणायची. "मला माझं स्वयंपाकघर हातानं दिसतं."

ते खोटंही नव्हतं. मीठ कुठे, साखर कुठे, कुठल्या पातेल्याचा कान हलतो, सगळं हाताला ठाऊक. भांडीसुद्धा मी हातानंच ओळखायची. बोट फिरवलं आणि गुळगुळीत लागलं की ताट स्वच्छ. भांडी घासायला पूर्वी एक बाई यायची. तिच्या ताटांना साबण राहतो म्हणून मी तिला काढून टाकलं. तेव्हापासून भांडी माझ्याकडे. सूनबाई दिवसभर नोकरीवर; संध्याकाळी ती येईपर्यंत स्वयंपाक तयार आणि ताटं जाळीत उपडी घातलेली. या वयात माझ्या हातात एवढं एकच काम उरलं होतं, आणि ते मी कोणाला द्यायला तयार नव्हते.

सूनबाईची एक सवय मात्र मला गमतीची वाटायची. जेवायला बसण्याआधी ती जाळीतली ताटं घ्यायची, पुन्हा नळाखाली धरायची, हातानं चोळायची, फडक्यानं पुसायची आणि मग मांडायची. मी घासलेली ताटं, पुन्हा. सुरुवातीला मला राग आला. मग मी त्याची गंमत केली, कारण राग धरण्यापेक्षा गंमत केली की माणूस मोठं दिसतं. कोणी जेवायला आलं की मी सांगायची, "थांबा हो, आमच्या ताटांची आंघोळ व्हायचीय. सकाळी मी घालते ती कावळ्याची, संध्याकाळी सूनबाई घालते ती खरी." सगळे हसायचे. सूनबाईही हसायची. माझी धाकटी जाऊ तर फोनवरसुद्धा विचारायची, "काय जाऊबाई, ताटांची आंघोळ झाली का?"

या धाकट्या जावेचं आणि माझं स्वच्छतेवरून जुनं आहे. तिचं घर पसाऱ्याचं. एकदा तिच्याकडे पाणी पिताना मी ग्लास सगळ्यांसमोर माझ्या रुमालानं पुसून घेतला होता. तिनं पाहिलं, बोलली काही नाही.

तर या रविवारी जाऊ जेवायला येणार होती, आणि त्याच आठवड्यात मुलानं जाहीर केलं की स्वयंपाकघरातले दिवे बदलायचे. यावेळी त्यानं मला विचारलंच नाही. वायरमन ठरवूनच टाकला.

"मला न विचारता?"

"विचारलं की तू नाही म्हणतेस. म्हणून विचारलं नाही," तो म्हणाला आणि कामावर निघून गेला. सूनबाईनं माझ्याकडे न बघता चपला घातल्या आणि त्याच्या मागोमाग ती गेली.

वायरमनला आमच्या गल्लीत सगळे रेडिओ म्हणतात. एकदा लागला की बंद होत नाही. आल्याआल्या तो म्हणाला, "आजी, मेन बंद करतोय. फ्रीज सारखा उघडू नका."

"फ्रीज माझा आहे. मी बघते."

"बरोबर. फ्रीज तुमचा, ट्यूब तुमची. शॉक तेवढा माझा."

त्यानं शिडी लावली आणि जुनी पट्टी खाली काढली. तिच्यावर काळा, चिकट थर होता. दोन बोटांच्या चिमटीत धरून त्यानं ती मला दाखवली. "आजी, तेल न घालता यावर भाजी परतता येईल."

"छताला कोण हात पोचवतंय," मी म्हणाले. "तू तुझं काम कर."

"पांढरा लावू की पिवळा?"

"पिवळा."

"ताईंनी पांढरा सांगितलाय."

"मग मला कशाला विचारतोस?"

"विचारावं लागतं आजी. वयाचा मान असतो."

मी भांड्यांवर जुनी चादर टाकली आणि बाहेर खुर्चीत जाऊन बसले. आत ड्रिलची घरघर आणि रेडिओची बडबड एकमेकींशी स्पर्धा करत होत्या. छताला दोन चौकोनी पॅनेल बसवायची, एक ओट्याच्या वर आणि एक सिंकच्या. शिवाय कपाटांच्या खालून एक बारीक पट्टी, म्हणजे ओट्यावर सावली पडणार नाही. हे सगळं तो मला दारातून सांगत होता. मी हं हं करत होते. मला ट्यूबचं वाईट वाटत होतं. ती भिंतीला टेकवून ठेवली होती, आणि ह्यांनी तिला लावताना टेबलावर केवढा तोल सावरला होता ते मला आठवत होतं.

काम झालं. त्यानं मेन चालू केलं, बटण दाबलं आणि म्हणाला, "या आजी, तुमचा दरबार बघा." मी लगबगीनं आत गेले नाही. कौतुक करायचं नाही असं मी ठरवलं होतं. तो सामान आवरून, चहा नको म्हणून, पुढच्या कामाला गेला. मग मी उठले.

आधी मला वाटलं, यानं काम करताना घाण केली. भिंतीवर शेगडीच्या वर तपकिरी ओघळ होते. मी फडकं ओलं करून पुसायला गेले तर ते निघेनात. ड्रिलचा चुरा पांढरा असतो, हे तपकिरी होतं आणि जुनं होतं. मग कपाटांची दारं. जिथे जिथे मी रोज हात लावते तिथे तिथे हाताएवढे काळपट डाग. डब्यांच्या ज्या झाकणांवर तोंड दिसायचं ती झाकणं आता मेणचट होती आणि त्यांना धूळ चिकटली होती. ओट्याच्या आणि भिंतीच्या सांध्यात एक काळी रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली होती. मी रोज ओटा पुसते. दोनदा पुसते.

मला दिव्याचाच राग आला. पांढरा दिवा काहीही घाण दाखवील, असं म्हणून मी तो बंद केला. खिडकीतून येणाऱ्या उजेडात घर पुन्हा माझं झालं, स्वच्छ, ओळखीचं. चालू केला, की परक्याचं. लहान मुलीसारखी मी बटण दाबत राहिले. शेवटी तो चालूच ठेवला, कारण बंद करूनही आता मला ते ओघळ दिसायला लागले होते.

मग मी जाळीतलं एक ताट उचललं.

ते मी सकाळीच घासलं होतं. काठाला पिवळसर तेलाची कड होती. मध्ये काल रात्रीच्या भाजीचा वाळलेला ठिपका. दुसरं ताट घेतलं, तेही तसंच. वाटीच्या बुडाशी वर्तुळ. चमच्याच्या मानेत भाताचं शीत, सुकून दगड झालेलं. मी बोट फिरवलं. बोटाला सगळं गुळगुळीतच लागत होतं. माझ्या बोटांना काही कळत नव्हतं, कोण जाणे कधीपासून.

मी ते ताट हातात धरून उभी राहिले आणि मला सूनबाई दिसली. रोज संध्याकाळी, दमून आलेली, याच सिंकपाशी, माझ्याकडे पाठ करून, ताटं चोळणारी. पाठ करून, म्हणजे मला दिसू नये म्हणून. आणि मागून मी, पाहुण्यांना मोठ्यानं सांगणारी, "आंघोळ चाललीय हो." तिचे खांदे हसताना हलायचे तेही मला आठवले. आता वाटलं, ते हसणंच होतं कशावरून?

मेल्याहून मेल्यासारखं म्हणतात, ते तसं झालं. खुर्चीवर बसायचंही धाडस होईना. मी गरम पाणी काढलं आणि होती नव्हती तेवढी भांडी सिंकमध्ये घेतली.

सूनबाई आली तेव्हा मी घासतच होते. ती दारात थांबली. खांद्यावरची बॅग तशीच.

"आई, हे काय? आज काय एवढी भांडी?"

मी मागे वळले नाही. "तू ताटं का विसळतेस?"

"सवय आहे हो. माहेरची."

"तुझ्या माहेरी मी जेवलेय. तिथे कोणी विसळत नाही."

मी नळ बंद केला. आता घरात काही आवाज उरला नाही, आणि मला वाटलं नळ चालू ठेवायला हवा होता.

"कधीपासून?"

"कशाला आता ते, आई."

"मी सगळ्या नात्यात सांगत सुटले. तू हसत होतीस."

"मग काय रडू? तुम्ही गोष्ट सांगता छान. मलाच हसू यायचं कधी कधी." तिनं बॅगेचा पट्टा सारखा केला. "कधी कधी नाही यायचं."

मी वळून तिच्याकडे पाहिलं. त्या उजेडात तीही मला नव्यानं दिसली. डोळ्यांखाली काळं, कानापाशी केस पिकलेले. माझ्या घरात तिचे केस पिकले आणि मला पत्ता नव्हता.

"एकदा सांगितलं का नाहीस?"

"भांडीवालीला काढलंत तेव्हा तिनं सांगितलं होतं. ती ताटं तिनं घासलेलीच नव्हती, आई. आदल्या रात्री तुम्ही घासली होती." ती हे हळू बोलली, पण तिला कधीतरी बोलायचंच होतं. "तुम्ही ऐकलंत का तिचं? मग माझं काय ऐकलं असतंत?"

आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं बघायचं वाकून, ही म्हण मी आयुष्यभर दुसऱ्यांसाठी वापरली होती.

"दिवे बदलायचं कोणाच्या डोक्यात आलं?" मी विचारलं.

"माझ्या." आता तिचीच मान खाली गेली. "वाटलं, उजेड झाला की तुमचं तुम्हाला नीट घासता येईल. कोणाला काही बोलावं लागणार नाही. एका दमात सगळ्या भिंतीच दिसतील हे माझ्या ध्यानात आलं नाही."

"म्हणजे न बोलता मला दाखवायचं होतं."

"दाखवायचं नव्हतं हो. तुम्हाला दिसावं एवढंच होतं."

मी हात पुसले. "आजपासून भांडी तू बघ. स्वयंपाकही तूच बघ. मी बाहेर बसते."

"असं रुसून सुटका नाही," ती म्हणाली आणि शेवटी बॅग खाली ठेवली. "दिवसभर राबून येऊन स्वयंपाक मी करणार नाही. तो तुमचाच. भांडी मी घासते. आणि सोमवारी डोळे दाखवायला जायचं. नाही म्हणायचं नाही."

मी नाही म्हटलं नाही.

"रविवारी धाकटी येतेय," मी म्हणाले.

दोघींच्या मनात तेच होतं.

"ती विचारेल," मी म्हणाले.

"विचारलं तर हसण्यावारी न्यायचं. नेहमीसारखं."

नेहमीसारखं. ती हे माझ्या सोयीसाठी म्हणाली, आणि मला ते सर्वांत जास्त लागलं. झाकली मूठ होती. हसण्यावारी नेलं असतं तर सव्वा लाखाची राहिली असती. पण त्या मुठीत माझ्या सुनेची मान होती. मी जितक्या वेळा हसणार तितक्या वेळा ती सगळ्यांच्या लेखी खुळी ठरणार, स्वच्छ ताटं पुन्हा धुणारी, सासूचं घासणं न आवडणारी.

शनिवारी आम्ही तिघांनी भिंती घासल्या. मुलगा स्टुलावर, सूनबाई ओट्यावर, मी खाली बादलीशी. मुलगा काही बोलला नाही. त्यालाही सगळं ठाऊक होतं, हे मला त्याच्या न बोलण्यावरून कळलं. त्याचं ते बाहेर जेवून येणं, भूक नाही म्हणणं, तेही मग एकेक करून माझ्यापुढे येऊन बसलं.

रविवारी संध्याकाळी जाऊ आली. आल्याआल्या स्वयंपाकघरात डोकावली. "अगबाई, केवढा हा उजेड. स्वयंपाक करता की ऑपरेशन?"

"दोन्ही," सूनबाई म्हणाली.

बाहेरच्या खोलीत टेबलावर आम्ही जेवायला बसलो. सूनबाईनं जाळीतली ताटं उचलली आणि सरळ मांडली. नळ वाजला नाही. जावेचे कान तिखट. तिनं लगेच भुवया उडवल्या.

"हे काय? आज आंघोळ नाही ताटांना? पाणी गेलंय का?"

मुलानं ताटात बघितलं. सूनबाई भात वाढत होती, तिचा हात थांबला नाही. माझी पाळी होती. नेहमीचं वाक्य जिभेवर येऊन बसलंही होतं. सवयीची जीभ ती.

"आज तिनं स्वतः घासलीत," मी म्हणाले. "मी घासली की विसळावी लागतात. खरकटं राहतं त्यांना."

जाऊ हसली. आधी थोडी, मग जोरात, टेबलावर हात आपटून. "जाऊबाई, तुमचं तोंड म्हणजे ना. काय एकेक काढता." तिला वाटलं, जुन्या विनोदाला मी नवी शेपूट लावली.

ती हसत असतानाच सूनबाई घाईघाईनं म्हणाली, "आईंचं काहीतरीच असतं, काकू. मला लहानपणापासून खोड आहे ती. ओलं ताट लागतं मला." थकलेल्यासाठी खुर्ची पुढे सरकवावी तसं तिनं ते खोटं माझ्यापुढे सरकवलं. बसले असते तर कोणी काही म्हटलं नसतं. पुढच्या सगळ्या जेवणांत ओल्या ताटाची खोड सांगून आम्ही हसलो असतो.

एकदा सांगायला मी शनिवारी रात्रभर बळ गोळा केलं होतं. दुसऱ्यांदा सांगायला काहीच उरलं नव्हतं.

"ती खोटं बोलतेय," मी म्हणाले. "माझ्यासाठी. मला दिसत नाही गं. मी घासलेली ताटं घाण राहतात. इतकी वर्षं तू इथे जेवलीस ती हिनं धुतलेल्या ताटांत. आणि मी हिलाच हसत होते, तुमच्या सगळ्यांसमोर."

जावेचं हसू एकदम गेलं नाही, सावकाश उतरलं. तिची नजर स्वतःच्या ताटाकडे गेली आणि चटकन वर आली. मी ती पाहिली. त्या एका नजरेनं मला त्या रुमालाची, त्या ग्लासाची सगळी परतफेड झाली. तिला तसं करायचंही नसेल.

"हे ताट हिनं घासलंय," मी म्हणाले. "भाजी मी केलीय. निवडताना ही शेजारी उभी होती."

सूनबाई भाताचं भांडं धरून उभी, डोळे खाली. मुलगा पाण्याचा ग्लास नुसता फिरवत होता. जाऊ कशी आहे मला माहीत आहे. तिच्या जिभेला हाड नाही, आणि आज तिला बोलायला रान मोकळं होतं. मी वाट बघत बसले. मला वाटत होतं तिनं बोलावं, काहीतरी लागट बोलावं, म्हणजे मी एकटीच बोलल्यासारखी राहणार नाही.

तिनं ताट पुढे केलं. "भाजी वाढ गं," ती सूनबाईला म्हणाली. "अजून. हात आखडता घेऊ नकोस."

सूनबाईनं वाढली. जावेला संध्याकाळचं जेवण फारसं लागत नाही, सोसतही नाही. आल्यापासून ती दोनदा तसं म्हणाली होती. तिनं घास घेतला, मग दुसरा घेतला. माझ्याकडे न बघता ती खात राहिली, आणि ताट निम्मं झालं तसं पुन्हा पुढे केलं. तिच्यानं आता खाल्लं जात नव्हतं, हे मलासुद्धा दिसत होतं. मला उठून आत जावंसं वाटलं. पण सूनबाई शेजारची खुर्ची ओढून बसली होती, तिनं स्वतःचं ताट माझ्या ताटाला लावून ठेवलं होतं, आणि सगळ्यांचं होईपर्यंत मी मान खाली घालून तिथेच बसले.